गर्भाला कोण सांगतं, डोकं कुठे आणि पाय कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी मुलं घरी येतात. त्यांच्याबरोबर कधी आई येते, कधी मागावरून सुटून बाप येतो, आणि शंका मुलांपेक्षा त्यांनाच जास्त असतात. फोनवर तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी एका जागी लिहून काढले. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. गोळी सुरू करायची की बंद, हे इथे वाचून ठरवू नका.

1. बाई, सुरुवातीला एकच पेशी असते ना? मग कोणी डोळा व्हायचं आणि कोणी टाच, हे सांगतं कोण?

वर बसून हुकूम सोडणारं कोणी नसतं. पेशी एकमेकींना सांगतात. पहिले दोन-तीन दिवस तर गर्भाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्पच असतात, आईने अंडपेशीत भरून दिलेल्या शिदोरीवर काम चालतं. माणसाच्या गर्भात पेशी चार ते आठ झाल्या की त्याची स्वतःची जनुकं नीट कामाला लागतात. पुढे प्रत्येक पेशी शेजारणीकडून आलेल्या इशाऱ्यांवरून आपण कोण व्हायचं ते ठरवते.

हे शेजाऱ्यांचं प्रकरण किती खरं आहे, ते 1924 मध्ये जर्मनीत हिल्डे मँगोल्ड आणि तिचे गुरू हान्स स्पेमान यांनी दाखवलं. न्यूट नावाचा, पालीसारखा दिसणारा पाण्यातला उभयचर प्राणी असतो. त्याच्या फिक्या रंगाच्या गर्भातला एक बारीकसा तुकडा त्यांनी दुसऱ्या, गडद रंगाच्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. तिथे दुसरं शरीरच उगवलं, पाठीचा कणा, मेंदू, सगळं. रंगावरून कळलं की त्या दुसऱ्या शरीराचा बराच भाग यजमान गर्भाच्याच पेशींनी बनवला होता. ज्या पोटाची कातडी होणार होत्या, त्या नव्या शेजाऱ्याचं ऐकून मेंदू झाल्या. त्या तुकड्याला ‘ऑर्गनायझर’ म्हणतात. स्पेमान यांना 1935 मध्ये नोबेल मिळालं. हिल्डे मात्र निबंध निघाला त्याच वर्षी, स्वयंपाकघरातल्या हीटरच्या स्फोटात गेली. पंचविशीतली मुलगी. हा धडा शिकवताना मी तिचं नाव आधी घेते.

2. म्हणजे डीएनए हे जकार्डच्या पुठ्ठ्यांसारखं झालं का?

हा प्रश्न सोलापुरातच येणार! निम्मं बरोबर आहे. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: चादरीवरचा मोर आधी ग्राफ पेपरवर चौकटी-चौकटीने रंगवतात आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. साखळी फिरत जाते आणि मोर उतरत जातो. डीएनएमध्येही माहिती अशीच ओळीने साठवलेली असते, इथवर जुळतं.

पण पुठ्ठ्यांची चळत नीट पाहिली तर त्यात मोर सापडतो, चौकटीला भोक जुळवून. डीएनएत नाकाचं चित्र कुठेही नाही. माणसाची सुमारे 20,000 जनुकं प्रथिनं कशी करायची ते सांगतात, आणि त्यांच्या आजूबाजूचा डीएनए कोणतं जनुक केव्हा चालू करायचं ते सांगतो. शिवाय मागावर एकच साखळी असते. शरीरात जवळजवळ प्रत्येक पेशीकडे अख्खी चळत असते (तांबड्या रक्तपेशी मोठ्या झाल्या की केंद्रक टाकून देतात, त्या सोडून). डोळ्यातली पेशी काही पुठ्ठे वाचते, टाचेतली दुसरे. न वाचलेले पुठ्ठे फेकून दिलेले नसतात, हे जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातलं पेशीकेंद्रक रिकाम्या केलेल्या अंड्यात घालून सिद्ध केलं. त्यातून पूर्ण बेडूक झाला. हे काम 1962 चं, त्याचं नोबेल आलं 2012 मध्ये.

3. ‘सिग्नल’ म्हणता, तो विजेचा असतो का?

नाही. बहुतेक वेळा तो एक रेणू असतो. एक पेशी तो बाहेर सोडते, दुसऱ्या पेशीच्या अंगावर तो ओळखणारं प्रथिन असतं. रेणू तिथे बसला की आत एकामागून एक निरोप पोहोचत जातो आणि शेवटी केंद्रकात काही जनुकं चालू किंवा बंद होतात.

मुलांना नवल याचं वाटतं की एवढं गुंतागुंतीचं शरीर घडवायला अशा इशाऱ्यांची मुख्य घराणी जेमतेम अर्धा डझनच लागतात: हेजहॉग, विंट, बीएमपी व त्याचे भाऊबंद, एफजीएफ, नॉच, आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल. तेच इशारे पुन्हा पुन्हा वापरले जातात. एसटी स्टँडवर ‘ओ मामा’ म्हटलं की कंडक्टर वळून बघतो. लग्नाच्या मांडवात हीच हाक दिली तर नवरीचा मामा उठतो. हाक एकच, ऐकणारा कोण आणि कुठे उभा आहे यावर सगळं. हेजहॉगचा इशारा हाताच्या कळीत बोटांचा क्रम लावतो, पाठीच्या कण्यापाशी चेतापेशींचे प्रकार ठरवतो आणि हिरडीत दात उगवतानाही लागतो.

4. सॉनिक हेजहॉग हे खरंच शास्त्रीय नाव आहे?

खरंच आहे. फळमाशीत एक जनुक बिघडलं की अळीच्या अंगभर काटे येतात, म्हणून त्याला हेजहॉग या काटेरी प्राण्याचं नाव पडलं. पुढे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याचे तीन भाऊ सापडले. दोघांना हेजहॉगच्या खऱ्या जातींची नावं मिळाली, डेझर्ट आणि इंडियन. तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या निळ्या सॉनिकचं. इंडियन हेजहॉग जनुक भारतात सापडलं असं उत्तरपत्रिकेत लिहू नका, दरवर्षी कोणीतरी लिहितंच.

5. पण पेशीला आपण कुठे उभे आहोत हे कळतं कसं? तिला डोळे थोडेच असतात?

गल्लीत एखाद्या घरी शेंगाचटणी कुटायला घेतली की काय होतं, आठवा. उखळापाशी उभं राहिलं तर ठसका लागतो. चार घरं सोडून वास येतो आणि भूक लागते. गल्लीच्या तोंडाशी काहीच कळत नाही. डोळे बांधून उभं केलं तरी ठसका, भूक की काहीच नाही, यावरून तुम्ही उखळापासून किती लांब आहात ते सांगाल. पेशीही तेच करतात. एका टोकाला रेणू तयार होतो, लांब जाईल तसा विरळ होतो. खूप मिळाला तर एक जनुकसंच चालू, मध्यम मिळाला तर दुसरा, नाहीच मिळाला तर तिसरा. लुईस वोल्पर्ट यांनी 1969 मध्ये ही कल्पना फ्रान्सच्या झेंड्याचे तीन पट्टे घेऊन मांडली, म्हणून तिला फ्रेंच फ्लॅग मॉडेल म्हणतात. असा मात्रेवरून जागा सांगणारा रेणू म्हणजे मॉर्फोजेन.

हे नुसतं कल्पनेत राहिलं नाही. फळमाशी अंड्याच्या पुढच्या टोकाला ‘बायकॉइड’ या जनुकाचा निरोप ठेवून देते. त्यापासून होणारं प्रथिन पुढे दाट, मागे विरळ असतं, हे 1988 मध्ये प्रत्यक्ष मोजलं गेलं. आईत हे जनुक बिघडलेलं असेल तर अळीला डोकं आणि छातीच येत नाही, पुढच्या टोकालाही शेपटाकडचा भाग उगवतो. गंमत म्हणजे अळीची स्वतःची जनुकं चांगली असली तरी उपयोग होत नाही, दोष आईच्या शिदोरीत असतो.

माणसात बायकॉइड नाही. माशीच्या कोवळ्या अंड्यात पेशी अलग करणारे पडदेच नसतात, त्यामुळे प्रथिन सहज पसरतं. आपल्याकडे मात्रेचं तत्त्व तेच, पण रेणू वेगळे.

6. कोणत्या दिवशी काय बनतं? आणि डॉक्टरांचे आठवडे पुस्तकाशी का जुळत नाहीत?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भशास्त्राची पुस्तकं फलनापासून. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. सोनोग्राफीच्या कागदावर सहा आठवडे लिहिलं असेल तर गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असतो. या पानावर सगळीकडे फलनापासूनचे दिवस धरले आहेत.

पाचव्या दिवशी गर्भ पोकळ चेंडूसारखा होतो. बाहेरच्या थराची मुख्यतः वार होणार, आतल्या पुंजक्याचं बाळ. सहा-सात दिवसांनी तो गर्भाशयात रुतू लागतो. पंधराव्या दिवसाच्या आसपास त्याच्या चकतीवर एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. डोकं-शेपूट, डावं-उजवं याची दिशा इथे पहिल्यांदा डोळ्यांना दिसते. त्या रेघेतून पेशी आत शिरतात आणि तीन थर होतात: वरच्यापासून कातडी व मेंदू, मधल्यापासून हाडं, स्नायू, रक्त, आणि खालच्यापासून आतडी व फुप्फुसांचं अस्तर. माझ्या मते अख्ख्या गरोदरपणातला सगळ्यात मोठा आठवडा हाच, आणि तेव्हा पाळी चुकली की नाही याचाच घरात पत्ता नसतो.

22 व्या दिवसाच्या सुमाराला हृदयाची नळी फडफडू लागते. 28 व्या दिवसापर्यंत मेंदू-मज्जारज्जूची नळी मिटलेली असते (याचं महत्त्व प्रश्न 12 मध्ये), त्याच सुमाराला हातांच्या आणि मागोमाग पायांच्या कळ्या फुटतात. आठ आठवडे संपता संपता बोटं सुटी होतात. तेव्हा बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत सुमारे तीन सेंटिमीटरचं असतं. पुढचे सात महिने मुख्यतः वाढीचे आणि मेंदूच्या बारीक जुळणीचे.

7. डोक्याच्या जागी डोकं आणि कमरेच्या जागी कंबर, हे चुकत कसं नाही?

यासाठी हॉक्स जनुकं आहेत. माणसात ती 39 आहेत, चार गुणसूत्रांवर चार गटांत. गंमत अशी की गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने बसलेली असतात, साधारण त्याच क्रमाने शरीरात डोक्याकडून शेपटाकडे कामाला लागतात. ती अवयव बांधत नाहीत, ‘हा भाग मानेचा’, ‘हा छातीचा’ अशी ओळख देतात. ओळख बदलली की भलतंच उगवतं: फळमाशीत एक हॉक्स जनुक चुकीच्या ठिकाणी चालू झालं की डोक्यावर मिशांच्या जागी पाय येतात. दुसऱ्यात ठरावीक बिघाड झाले की दोन पंखांच्या माशीला चार पंख. हे पंखांचं कोडं एडवर्ड लुईस यांनी आयुष्यभर चघळलं. 1995 चं नोबेल त्यांना, क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना मिळालं.

मानेचे मणके सात, मग ते माणसाचे असोत, उंदराचे की जिराफाचे. सस्तन प्राण्यांत अपवाद फक्त स्लॉथ आणि मॅनेटी. काही माणसांत सातव्या मणक्यालाही छोटी बरगडी येते. एक्स-रेत ‘सर्व्हायकल रिब’ लिहून आलं की लोक घाबरून मला विचारतात. मान आणि छातीची हद्द थोडी सरकलेली असते, एवढंच. हाताला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, नाहीतर बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो.

8. मणके इतके एकसारखे कसे? साचा असतो का?

घड्याळ असतं. शेपटाकडच्या पेशींत काही जनुकं ठरावीक वेळाने चालू-बंद होत राहतात आणि प्रत्येक फेऱ्याला मणक्यांच्या पूर्वरूपाची, म्हणजे सोमाइटची, एक जोडी तुटून वेगळी होते. कोंबडीत हा फेरा 90 मिनिटांचा, उंदरात दोन तासांचा, माणसात सुमारे पाच तासांचा. सापात हे घड्याळ वाढीच्या मानाने जोरात चालतं, म्हणून त्याला तीनशेच्या वर सोमाइट मिळतात आणि आपल्याला चाळीस-बेचाळीस जोड्या.

9. हृदय डावीकडेच का? आमच्या नात्यातल्या एकाचं उजवीकडे निघालं.

बाहेरून आपण डावे-उजवे सारखे, आत मात्र नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रिमिटिव्ह स्ट्रीकच्या टोकाशी एक बारीक खळगा असतो. उंदरावरच्या प्रयोगांत दिसलं की त्यातल्या पेशींचे केस एकाच दिशेने गरगर फिरतात आणि थोडे मागे कललेले असल्यामुळे पाणी डावीकडे ढकललं जातं. त्या प्रवाहामुळे नोडल हा इशारा डाव्या बाजूला टिकतो, आणि ‘ही बाजू डावी’ असं हृदयाला व आतड्यांना कळतं. जपानमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये असे केस नसलेले उंदीर पाहिले. त्यांची डावी-उजवी बाजू नशिबावर, छापा-काटा. पुढे त्यांनी पंपाने प्रवाह उलटा फिरवला, तर अवयवही उलटे बसले.

माणसात सुमारे 10,000 मध्ये एकाचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. सगळंच उलटं असेल तर गाडी सहसा सुरळीत चालते. काही उलटं, काही सुलटं असेल तर हृदयाचे दोष जास्त. तुमच्या नातेवाइकाला लहानपणापासून सतत सर्दी-खोकला, सायनसचा त्रास असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. श्वासनलिकेतले केसही त्याच यंत्रणेवर चालतात आणि ते जन्मतःच बिघडलेले असणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचे अवयव उलटे असतात. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी आपण उलटे आहोत हे आवर्जून सांगायला हवं, अपेंडिक्स डावीकडे दुखणार आहे!

10. बाळाला सहा बोटं आहेत. भाग्याचं लक्षण की दोष?

भाग्याचं मला माहीत नाही, कारणाचं सांगते. हाताच्या कळीत करंगळीच्या बाजूला पेशींचा एक गट सॉनिक हेजहॉग सोडतो. त्याची मात्रा आणि तो किती वेळ मिळाला यावरून करंगळी ते अंगठा असा क्रम लागतो. 1968 मध्ये हा गट कोंबडीच्या पंखकळीत अंगठ्याच्या बाजूलाही बसवला, तेव्हा बोटं आरशातल्यासारखी दुहेरी आली. त्यातला रेणू सॉनिक हेजहॉगच आहे, हे कळायला 1993 उजाडलं.

आता तिरकी गोष्ट. अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट असलेल्या काही घराण्यांत सॉनिक हेजहॉग जनुक ठणठणीत सापडतं. बिघाड असतो त्याच्या बटणात, आणि ते बटण जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेलं आहे. बटण किंचित ढिलं झालं की इशारा अंगठ्याकडेही गळतो. सापांत हेच बटण निकामी झालेलं आहे. करंगळीच्या बाजूच्या जास्तीच्या बोटाची कारणं वेगळी असू शकतात. ते बऱ्याचदा घराण्यात चालत येतं आणि बाकी काही त्रास नसतो. तरी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, कारण क्वचित त्याबरोबर दुसरेही दोष असतात. दोऱ्याने बांधून बोट गाळण्याचा उद्योग घरी करू नका.

जुळलेली बोटं ही वेगळी तऱ्हा. हात आधी वल्ह्यासारखा असतो, मधल्या पेशी मरून बोटं सुटी होतात. ते मरणं राहिलं की पडदा राहतो. बदकाच्या पायात मरणाचा इशाराच अडवलेला असतो.

11. सुनेने ग्रहणात भाजी चिरली, म्हणून बाळाचा ओठ फाटला असं सगळे म्हणतात. खरं का?

नाही. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक सासूला मी हात जोडून सांगते, त्या मुलीला हे ऐकवू नका.

वरचा ओठ तीन तुकडे जुळून होतो: दोन बाजूंचे दोन आणि नाकाखालचा मधला. वाढता वाढता ते एकमेकांना भेटतात, मधली कातडी विरघळते आणि सांधा बसतो. हे फलनापासून सातव्या आठवड्यापर्यंत आटोपतं. तोंडातली टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत मिटते. भेटायला उशीर झाला किंवा मधली कातडी विरघळली नाही तर फट राहते. पाचव्या-सहाव्या महिन्यात विळी हातात घेतल्याने, चंद्र सावलीत असो की नसो, जुळलेला ओठ पुन्हा फाटत नाही. उलट ज्या दिवसांत ओठ खरोखर जुळत असतो, तेव्हा कितीतरी घरांत गरोदरपणाची खात्रीही झालेली नसते, ग्रहण कोण पाळणार?

खरी कारणं मिश्र असतात. काही जनुकं (त्यातलं आयआरएफ-6 चांगलं अभ्यासलेलं), सिगारेट, आटोक्यात नसलेला मधुमेह, फिटच्या काही गोळ्या. बऱ्याच वेळा एक ठाम कारण सापडतच नाही. जगभरात साधारण 700 जन्मांमागे एका बाळात हे दिसतं, म्हणजे दुर्मीळही नाही. ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तीन ते सहा महिन्यांचं बाळ असताना करतात, टाळूची वर्षाच्या आसपास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू येतात, सरकारी दवाखान्यात चौकशी करा. तोवर दूध पाजण्याची पद्धत नर्सकडून शिकून घ्या, तिथेच सगळ्यात जास्त हाल होतात.

12. फॉलिक ॲसिड गरोदर झाल्यावर सुरू केलं तर चालत नाही का?

उशीर होतो. प्रश्न 6 मधली 28 दिवसांची नळी आठवा. पाठीवरची पट्टी दोन्ही कडांनी उचलली जाते, कडा मधे भेटतात, करंजीला मुरड घालून तोंड मिटवतो तसं. खालचं तोंड उघडं राहिलं तर मणक्यात फट, वरचं राहिलं तर मेंदू बनत नाही. हे सगळं पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आटोपतं. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासून, निदान महिनाभर आधी सुरू करायला सांगतात. ज्यांना आधी असं बाळ झालं आहे त्यांना डॉक्टर खूप मोठा डोस देतात. 1991 मधल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत अशा आयांमध्ये दोष पुन्हा येण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं होतं. पालेभाजी आणि डाळ खाच, पण तेवढ्यावर विसंबू नका.

13. कोणत्या औषधांनी शरीराची घडण बिघडते?

यादी तुमच्या डॉक्टरांकडे मागा. दोनच उदाहरणं देते. थॅलिडोमाइड 1957 मध्ये जर्मनीत झोपेची गोळी म्हणून विकायला आलं, गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं गेलं आणि 1961 मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर 10,000 हून अधिक मुलं आखूड हात-पायांची किंवा हात-पाय नसलेली जन्मली होती. फलनापासून साधारण 20 ते 36 व्या दिवसांत घेतलेली गोळी घातक ठरत असे, त्याआधी-नंतर घेणाऱ्यांची बाळं पुष्कळदा वाचली.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. हा रेटिनॉइक आम्लाचाच प्रकार, म्हणजे प्रश्न 3 मधला खुद्द इशाराच. बाहेरून ओतला की गर्भाचा चेहरा, कान, हृदय, मेंदू यांची मांडणी विस्कटते. मैत्रिणीची उरलेली पट्टी लग्न ठरलेल्या मुलीने घेऊ नये, हे मी वर्गात मुद्दाम मोठ्याने सांगते.

14. मुलगा की मुलगी, हे कधी ठरतं?

गुणसूत्रांच्या हिशेबाने फलनाच्या क्षणी, आणि ते बापाच्या शुक्रपेशीवर ठरतं. शरीरात मात्र सहाव्या आठवड्यापर्यंत दोघांची जननग्रंथी सारखीच असते. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (1990 मध्ये सापडलं) चालू झालं की ती वृषण होण्याकडे वळते. अपवाद आहेत: एसआरवाय दुसऱ्या गुणसूत्रावर गेलं, बिघडलं, किंवा शरीर हार्मोन ओळखेना, तर गुणसूत्रं एक सांगतात आणि शरीर दुसरं.

यापुढचा प्रश्न मला पाठवू नका. 1994 च्या कायद्याने गर्भलिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे.

15. एकसारखी जुळी कशी होतात? आणि जुळी चिकटतात ती का?

1891 मध्ये हान्स ड्रीश यांनी समुद्री अर्चिनच्या दोन पेशींच्या गर्भातल्या पेशी हलवून सुट्या केल्या, तर दोन्हींतून पूर्ण, फक्त लहान अळ्या निघाल्या. अर्धा गर्भ पूर्ण शरीर बनवू शकतो, कारण पेशी शेजार पाहून नव्याने वाटणी करतात (प्रश्न 1). माणसात पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ दुभंगला तर एकसारखी जुळी होतात. तेराव्या दिवसानंतर, म्हणजे रेघ उमटण्याच्या बेतात असताना, अर्धवट दुभंगला तर चिकटलेली जुळी होतात. केळ्याचं जोडफळ खाल्ल्याने होत नाहीत. खा खुशाल.

16. फोडलेल्या अंड्यात लाल ठिपका दिसला. पिल्लू होतं का?

दुकानातलं पांढरं अंडं असेल तर नाही. लेयर फार्मवर कोंबडाच नसतो. तो ठिपका बहुधा अंडं तयार होताना फुटलेल्या केशवाहिनीचा. गावरान अंड्याचं वेगळं. कोंबडा हिंडत असेल तर अंडं घातलं जातानाच त्यात हजारो पेशींची चकती तयार असते. गार जागी ती थांबून राहते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेलं अंडं मात्र अर्धवट उबू लागतं, आणि ठिपक्याऐवजी बारीक शिरांचं जाळं दिसतं.

एक मजेची गोष्ट: अंड्याचं बोथट टोक डावीकडे धरलं तर आतल्या गर्भाचं डोकं बहुतेक वेळा तुमच्यापासून दूर असतं. कोंबडीच्या पोटात कवच चढताना अंडं तासन् तास गोल फिरतं, आणि गुरुत्वाकर्षणामुळे डोकं-शेपटाची दिशा तिथेच ठरते.

17. हे सगळं आपल्या सुश्रुतांनी आधीच लिहून ठेवलंय ना?

काय लिहिलंय ते पाहू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या महिन्यात हात, पाय आणि डोकं यांचे पाच पिंड दिसतात असं आहे. निरीक्षण झकास आहे, कळ्या खरंच तशाच दिसतात, फक्त प्रत्यक्षात त्या आधी फुटतात. मला त्याहून आवडतो तो तिथला वाद. आधी कोणता अवयव होतो? शौनक म्हणतात डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पराशर नाभी, मार्कंडेय हात-पाय, गौतम धड. धन्वंतरी सगळ्यांना खोडून काढतात: सगळं एकदमच होतं, बांबूच्या कोंभासारखं, आंब्याच्या फळासारखं, बारीक असल्यामुळे दिसत नाही एवढंच.

आज पाहिलं तर धन्वंतरींचं उत्तरही जसंच्या तसं बरोबर नाही. बारीक रूपात सगळं आधीपासून नसतं, ते टप्प्याटप्प्याने नव्याने घडतं. इशारे, मात्रा, जनुकं यांतलं तिथे काही नाही, आणि नसल्याने सुश्रुतांची उंची कमी होत नाही. पाच ऋषींची पाच मतं नावानिशी नोंदवणारा ग्रंथ ‘आधीच सगळं माहीत होतं’ म्हणून वापरणं मला पटत नाही.

18. माशीवरचे प्रयोग माणसाला कसे लागू होतात?

सगळे होत नाहीत (प्रश्न 5 चा शेवट पाहा). पण हत्यारांची पेटी एकच आहे. 1995 मध्ये उंदराचं डोळ्याचं जनुक पॅक्स-6 माशीच्या पायात चालू केलं, तर पायावर डोळा उगवला. उंदराचा नव्हे, माशीचा! ‘इथे डोळा कर’ ही हाक सारखी, बांधणारे स्थानिक.

19. प्रयोगशाळेत काचेत अख्खं बाळ वाढवता येतं का?

नाही. मानवी गर्भ शरीराबाहेर 14 दिवसांपलीकडे वाढवू नये हा दंडक 1984 मध्ये ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने सुचवला, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वंही तोच धरतात. चौदाच का? कारण त्यानंतर रेघ उमटते आणि जुळी होण्याची शक्यता संपते (प्रश्न 6 आणि 15). 2023 मध्ये इस्राएलमध्ये मूळपेशींपासून 14 दिवसांच्या गर्भासारखी दिसणारी रचना केली गेली. तिच्यात फलन झालेलंच नव्हतं, त्यामुळे दंडक तिला लागू करायचा की नाही यावर आता वाद आहे.

20. आम्ही एकसारखे जुळे भाऊ. आई आम्हाला ओळखत नाही, पण रेशन दुकानातलं मशीन ओळखतं. डीएनए एक, मग अंगठे वेगळे कसे?

ठशाचं चित्र डीएनएत नसतं (प्रश्न 2), म्हणून. ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने 1952 मध्ये दाखवलं होतं की एक रेणू वाढवणारा आणि दुसरा अडवणारा, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने पसरणारे असले, की कोणी न आखता पट्टे आपोआप उमटू शकतात. 2023 मध्ये बोटांच्या ठशांत हेच सापडलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात विंट कंगोरे उठवतं, बीएमपी अडवतं, आणि कंगोऱ्यांच्या लाटा तीन ठिकाणांहून निघतात: बोटाच्या मऊ उशीवरून, नखाच्या बाजूने आणि पेराच्या रेषेकडून. त्या कुठे भेटतात यावर शंख की चक्र ते ठरतं. उशीचा आकार, लाट निघण्याची वेळ, यांत तुम्हा दोघांत पोटात किंचित फरक पडला, तेवढा पुरतो. ठोकळ नमुना तुमचा बऱ्याचदा सारखा निघेल, दोघांनाही चक्रच असेल. मशीन पाहतं ते कंगोरे कुठे तुटतात आणि कुठे फाटे फुटतात ते, आणि ते तर तुमच्या स्वतःच्या दोन अंगठ्यांतही जुळत नाहीत. एक कराल का, रविवारी येताना शाईचा पॅड घेऊन या, दोघांचे वीसही ठसे मला वर्गात लावायचेत.